कस्टरच्या शेवटच्या लढाईचं ते चित्र किती खरं? आणि ज्यांनी ती लढाई पाहिली त्यांनी काय काढलं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "डेन्व्हरजवळ आम्ही जुनं घर घेतलं. तळघरात फ्रेम केलेलं एक मोठं चित्र सापडलं. जनरल कस्टरची शेवटची लढाई, आणि खाली एका बिअर कंपनीचं नाव. मुलीला शाळेत सध्या हाच भाग आहे. ती विचारते, हे खरंच असं घडलं होतं का? पश्चिमेच्या त्या काळाची खरी चित्रं कुठली समजायची?"

मी कागदावरच्या चित्रांचं जतन करते. एकोणिसाव्या शतकातले छाप आणि चित्रांच्या वह्या हेच माझं रोजचं काम. त्यामुळे आधी सरळ उत्तर देते. तुमच्या तळघरातलं चित्र लढाईनंतर वीस वर्षांनी, ती लढाई न पाहिलेल्या माणसांनी, गुत्त्यांच्या भिंतींवर लावण्यासाठी तयार केलं. मात्र जे त्या लढाईत होते त्यांनी काढलेली चित्रंही आहेत, शाबूत आहेत आणि घरबसल्या पाहता येतात. मुलीला ती दाखवा. फक्त ती वाचावी लागतात आणि वाचायची रीत थोडी शिकून घ्यावी लागते.

आधी लढाई. 1868 च्या फोर्ट लॅरमी तहाने ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख लकोटा या मूलनिवासी लोकांचा राहील असं अमेरिकी सरकारने लिहून दिलं होतं. 1874 मध्ये अमेरिकी घोडदळाचा अधिकारी असलेल्या कस्टरच्याच मोहिमेला तिथे सोनं सापडलं आणि खाणवाल्यांची रीघ लागली. सरकारने तह पाळायचा सोडून उलट लकोटांनाच बजावलं, 31 जानेवारी 1876 पर्यंत एजन्सीच्या, म्हणजे टोळ्यांसाठीच्या सरकारी ठाण्याच्या, हद्दीत या, नाहीतर तुम्हाला शत्रू मानू. ऐन हिवाळ्यात बायकामुलांसह तिथवर येणं शक्यच नव्हतं. मग फौजा निघाल्या. 25 जून 1876 ला, आजच्या माँटानात, लिटल बिगहॉर्न नदीकाठी वसलेल्या लकोटा, शायेन आणि अरापाहो लोकांच्या प्रचंड तळावर कस्टरने सातव्या घोडदळाचे भाग पाडून हल्ला चढवला. त्याच्या स्वतःच्या तुकडीतली सुमारे 210 माणसं मारली गेली, एकही परतला नाही. त्या तुकडीचा एकही साक्षीदार उरला नाही म्हटल्यावर चित्रकारांना रान मोकळं मिळालं.

आता तुमचं चित्र. सेंट लुईसच्या कॅसिली ॲडम्स या चित्रकाराने 1880 च्या दशकात एक अवाढव्य कॅनव्हास रंगवला. तो गावोगाव तिकीट लावून दाखवला गेला, मग एका गुत्त्यात टांगला गेला आणि तिथून ॲनहायझर-बुश या बिअर कंपनीकडे आला. मिलवॉकीच्या ऑटो बेकरने त्यावरून, पण बऱ्याच गोष्टी बदलून, छापण्याजोगं नवं चित्र केलं. 1896 पासून कंपनीने त्याच्या प्रती गुत्त्यांना फुकट वाटल्या. पुढच्या काही दशकांत या प्रती लाखाच्या वर गेल्या. ॲडम्सचा मूळ कॅनव्हास सैन्याला भेट दिला होता, तो 1946 मध्ये टेक्सासच्या फोर्ट ब्लिसमध्ये आगीत जळाला. म्हणजे आज लोकांच्या डोळ्यांपुढे जी लढाई आहे ती बेकरची.

हे तंत्र आपल्याला परकं नाही. 1894 मध्ये राजा रविवर्म्याने गिरगावात शिळाछापखाना काढला तो याच पद्धतीचा. दर रंगाला वेगळा दगड, एकावर एक छाप, आणि शेवटी तैलचित्रासारखी चमक. लक्ष्मी-सरस्वतीचं जे रूप आज आपल्या मनात आहे ते बऱ्याच अंशी त्या छापांनी ठरवलं. तिकडे कस्टरचंही तेच झालं.

फ्रेमची काच पुसून मुलीबरोबर नीट पाहा. कस्टर मध्यभागी, लांब केस, हातात उगारलेली तलवार. प्रत्यक्षात मोहिमेवर निघण्याआधी त्याने केस बारीक कापले होते आणि तलवारी पेट्यांत भरून मागच्या तळावर ठेवल्या होत्या. काही मूलनिवासी योद्ध्यांच्या हातात लांबट ढाली दिसतील. त्या आफ्रिकेतल्या झुलू लोकांच्या ढालींसारख्या आहेत. 1879 च्या झुलू युद्धाची चित्रं तेव्हा सगळीकडे छापून येत होती, त्यांचा हा परिणाम. आणि शिपायांनी आपल्या नायकाभोवती शेवटपर्यंत कडं करून लढणं? 1983 मध्ये रणभूमीवरचं गवत वणव्यात जळून गेलं आणि पुढच्या दोन वर्षांत तिथे पुरातत्त्वज्ञांनी शोध घेतला. गोळ्यांच्या रिकाम्या काडतुसांवर बंदुकीच्या पिनेची खूण उमटते, प्रत्येक बंदुकीची वेगळी. त्या खुणा जुळवत एकेक बंदूक मैदानात कुठून कुठे सरकली हे त्यांनी काढलं. शिपायांची फळी लवकरच विस्कटल्याचं त्यातून दिसलं. समोरच्यांकडे हेन्री आणि विंचेस्टर या सलग गोळ्या झाडणाऱ्या बंदुका होत्या, शिपायांकडे एकेक गोळी भरायच्या स्प्रिंगफिल्ड कार्बाइन. लकोटा आणि शायेन लोक हे पहिल्यापासून सांगत होते. शंभर वर्षं कुणी मनावर घेतलं नाही.

ही दंतकथा लढाईच्या वर्षीच रचली जाऊ लागली होती, ते सांगायलाच हवं. विल्यम कोडी, म्हणजे बफेलो बिल, तेव्हा हिवाळ्यात नाटकात काम करायचा आणि उन्हाळ्यात फौजेसाठी टेहळणी. 17 जुलै 1876 ला नेब्रास्कात वॉरबॉनेट ओढ्याजवळ त्याने यलो हेअर नावाच्या शायेन योद्ध्याला मारलं, आणि त्या चकमकीत तो रंगभूमीवरचा पोशाख घालून उतरला होता: काळी मखमल, लाल पट्ट्या, चांदीची बटणं. पुढे रंगमंचावर हाच प्रसंग करताना तो सांगू शकत होता की हेच कपडे तेव्हा अंगात होते. त्याच वर्षी त्यावर नाटक उभं राहिलं. 1883 पासून त्याचे मैदानावर होणारे नाट्यखेळ सुरू झाले, 1885 च्या हंगामात सिटिंग बुल स्वतः आठवड्याला 50 डॉलरवर त्यात फिरला, आणि पुढे त्या खेळांत कस्टरचा अंतही रोज घडू लागला. काही वेळा तर लिटल बिगहॉर्नवर खरोखर लढलेले लकोटा ती लढाई प्रेक्षकांपुढे करून दाखवत होते. आख्यायिका आणि इतिहास एकाच माणसाच्या अंगावरच्या कपड्यांत इतके मिसळलेले असताना नुसत्या "खरं की खोटं" या प्रश्नाने काम भागत नाही. चित्र कोणी काढलं, तो तिथे होता का, ते कोणासाठी काढलं आणि त्याला काय दाखवणं भाग होतं, हे विचारावं लागतं.

हेच प्रश्न घेऊन रेड हॉर्सकडे या. हा मिनिकॉन्जू लकोटांचा एक प्रमुख. हल्ला झाला तेव्हा तो चार बायकांबरोबर तळापासून थोडं दूर रानकंद खणत होता. त्यातल्या एकीने त्याला धुळीचा लोट दाखवला. त्याची साक्ष अशी सुरू होते. 1881 मध्ये शायेन रिव्हर एजन्सीवर चार्ल्स मॅकचेस्नी नावाच्या लष्करी डॉक्टरच्या सांगण्यावरून त्याने हातांच्या खुणांच्या भाषेत सगळी हकीकत सांगितली आणि 42 चित्रं काढली. जाड मनिला कागद, दोन फूट बाय तीन फूट, शाई आणि रंगीत पेन्सिली. आज ती स्मिथसोनियन संस्थेच्या मानववंशशास्त्र अभिलेखागारात आहेत.

या चित्रांत मध्यभागी कुणीही नाही. कस्टरला वेगळी जागा नाही. शिपाई जवळपास सारखेच, तोच निळा कोट, तीच टोपी, तशाच दाढीमिशा. उलट लकोटा योद्ध्यांत एकासारखा दुसरा नाही, कुणाचा पिसांचा शिरपेच, कुणाचं अंग रंगवलेलं, घोडेही वेगवेगळ्या रंगांचे. रेड हॉर्सच्या दृष्टीने शिपाई हा अनोळखी जमाव होता आणि आपली माणसं ओळखीची, म्हणून हा फरक. मग येतात मेलेल्यांची चित्रं. मला सर्वांत जड जातात ती नुसत्या घोड्यांची: आडवे पडलेले घोडे, अंगावर गोळ्यांच्या जखमा, रक्ताचे ओघळ, आणि माणूस एकही नाही. शिपायांची प्रेतं आणि त्यांची विटंबनाही त्याने काढली आहे, आपल्या बाजूचे मेलेलेही. काहीही झाकलेलं नाही. आणि शेवटच्या गटात लकोटा रणभूमी सोडून निघाले आहेत, रांगेने. जिंकलेल्या माणसाने शेवटी आपलं निघून जाणं काढावं, हे बेकरच्या शेजारी ठेवून पाहा. 1881 पर्यंत लकोटांचं स्वातंत्र्य संपलं होतं. सिटिंग बुलने त्याच वर्षी शरणागती पत्करली. रेड हॉर्स एजन्सीवर राहून, सैन्यातल्या माणसासाठी हे काढत होता, हेही विसरायचं नाही. तरी त्याने आवाज खाली आणलेला नाही.

आता वाचायची रीत. अमेरिकेच्या गवताळ मैदानांत राहणाऱ्या या टोळ्यांच्या चित्रांत घटना बहुतेक उजवीकडून डावीकडे सरकते. पराक्रम करणारा उजव्या बाजूला, शत्रू डाव्या. घोड्याची शेपटी बांधलेली असेल तर तो लढाईला निघाला आहे. इंग्रजी सी या अक्षरासारख्या छोट्या कमानींची ओळ म्हणजे टापांचे ठसे. घोडा कुठून आला, कुठे वळला, हे त्यावरून कळतं. डोक्याच्या वर एक छोटी आकृती आणि तिला जोडणारी रेघ म्हणजे त्या माणसाचं नाव. बंदुकीच्या तोंडाशी धुराचा पुंजका आणि हवेत लहान रेघा असतील तर त्या सुटलेल्या गोळ्या. मागे डोंगर-आभाळ काही नसतं, कारण प्रसंग कुठे घडला हे बघणाऱ्यांना ठाऊक असायचं. चित्र समोर धरून योद्धा आपली हकीकत चारचौघांत सांगे, आणि जे त्या लढाईत होते ते ऐकायला बसलेले असत. खोटं सांगितलं तर तिथल्या तिथे अब्रू जायची. त्यामुळे ही चित्रं मी पुरावा म्हणून गंभीरपणे घेते. प्रत्येक तपशील बरोबरच असेल असं नाही, पण सांगणाऱ्याच्या मानेवर साक्षीदारांची नजर होती. बेकरवर ती नव्हती.

पूर्वी ही चित्रं बायसन या गव्यासारख्या रानटी जनावराच्या कातड्यावर काढत. 1870 च्या दशकात कातड्यांच्या धंद्यापायी बायसनचे कळप कापले गेले, काही कोटींच्या घरातली ती जनावरं 1880 चं दशक संपताना शेकड्यांवर आली. कातडं गेलं आणि कागद आला. व्यापाऱ्यांकडून, छावण्यांतून, कधी लुटीत मिळालेल्या जमाखर्चाच्या खतावण्या. रकान्यांच्या लाल-निळ्या रेघांवरूनच घोडे दौडतात. मला त्यातली एक वही विशेष वाटते. सातव्या घोडदळाच्या एका सार्जंटची हजेरीची छोटी वही लिटल बिगहॉर्नवर हाय बुल या शायेन योद्ध्याच्या हाती लागली. सार्जंटच्या पेन्सिलीतल्या नोंदींवर त्याने आपले पराक्रम काढले. पाच महिन्यांनी, 25 नोव्हेंबर 1876 ला, मॅकेंझीच्या फौजेने शायेनांचं गाव जाळलं तेव्हा ती वही पुन्हा सैन्याकडे आली. एकाच पानावर दोन्ही बाजू, आणि दोन्ही हस्तलेखनं वाचता येतात.

काही वह्या तुरुंगात भरल्या गेल्या. दक्षिणेकडच्या मैदानांतली लढाई संपल्यावर 1875 मध्ये शायेन, कायोवा, कोमांची वगैरे टोळ्यांच्या 72 लोकांना, खटला न चालवता, बेड्या घालून रेल्वेने फ्लोरिडाच्या सेंट ऑगस्टीनला नेलं आणि समुद्रकाठच्या फोर्ट मॅरियन या जुन्या स्पॅनिश किल्ल्यात तीन वर्षं डांबलं. तुरुंगाधिकारी रिचर्ड प्रॅटने त्यांना वह्या आणि रंगीत पेन्सिली दिल्या. हिवाळ्यात येणारे पर्यटक भरलेली वही दोनेक डॉलरला घेत. विकत घेणारे शत्रूच्या गावचे, तेव्हा लढाया कमी आणि शिकार, नाच, लग्नं, रेल्वेचा प्रवास, किल्ल्यातली कवायत, वर्ग असे विषय जास्त. यातलं कायोवा चित्रकार वोहॉचं 1877 चं एक चित्र मुलीला आवर्जून दाखवा. मध्ये एक माणूस उभा आहे. एका बाजूला बायसन, दुसऱ्या बाजूला पाळीव बैल, दोघांचाही श्वास त्याच्याकडे येतोय. दोन्ही हातांनी तो दोघांपुढे चिलीम धरतो. एका बाजूला टिपीचा तंबू, दुसरीकडे नांगरलेली जमीन आणि घर. त्याचा एक पाय नांगरलेल्या जमिनीकडे पडला आहे. डोक्यावर नाव लिहिलं आहे, वोहॉ, इंग्रजी अक्षरांत, तुरुंगात शिकलेल्या. याच प्रॅटने 1879 मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाईलची निवासी शाळा काढली, जिथे मूलनिवासी मुलांचे केस कापून, भाषा बंद करून त्यांना "सुधारलं" जाई. पेन्सिल देणारा हात तोच होता, हे सांगितल्याशिवाय या वह्यांचं कौतुक करणं मला पटत नाही.

आणखी एका वहीचं सांगते. एमॉस बॅड हार्ट बुल हा लकोटांच्या ओग्लाला शाखेतला, लढाईच्या वेळी लहान पोर होता. मोठेपणी नेब्रास्कात क्रॉफर्डच्या एका कापडदुकानदाराकडून त्याने खतावणी विकत घेतली आणि काका-मामांना, म्हाताऱ्या योद्ध्यांना विचारून विचारून चारशेच्या वर चित्रं काढली. वरून दिसणारं सबंध रणांगण आणि त्यातल्याच एका झटापटीचं मोठं करून काढलेलं चित्र, असं एकाच पानावर तो मांडतो. 1913 मध्ये तो वारला, वही बहीण डॉली प्रिटी क्लाउडकडे राहिली. हेलन ब्लिश या विद्यार्थिनीने तिच्याकडून ती भाड्याने अभ्यासाला घेतली, त्या काळात पानांचे फोटो काढले गेले. 1947 मध्ये बहीण गेली आणि रिवाजाप्रमाणे वही तिच्याबरोबर पुरली. आज आपल्याकडे आहेत ते फोटो. माझ्या व्यवसायातले काही लोक हळहळतात. मला तो त्या कुटुंबाचा हक्क वाटतो, आणि फोटो काढू दिले हा त्यांचा मोठेपणा.

मग गोऱ्या चित्रकारांचं सगळंच टाकाऊ? नाही. जे तिथे जाऊन राहिले, त्यांचं काम फार मोलाचं आहे. स्विस चित्रकार कार्ल बॉडमरने 1833-34 चा हिवाळा मिसुरी नदीवरच्या फोर्ट क्लार्कला काढला. मँडन टोळीचा प्रमुख मातो-तोपे याचं त्याने केलेलं जलरंगचित्र पाहा. केसांत लाकडाचा लाल रंगवलेला सुरा खोवला आहे. एका शायेन प्रमुखाशी झटापटीत त्याचाच सुरा हिसकून मातो-तोपेने त्याला मारलं होतं, त्याची ती खूण. तोच प्रसंग मातो-तोपेने स्वतःही बॉडमरच्या कागद-रंगांनी काढला, आणि दोघांची चित्रं आज ओमाहाच्या जॉस्लिन संग्रहालयात आहेत. तीन वर्षांनी, 1837 मध्ये, नदीतून आलेल्या बोटीबरोबर देवीची साथ आली. त्यात मातो-तोपे गेला, मँडन लोक दीडशेहूनही कमी उरले. जॉर्ज कॅटलिनही तिथे एक वर्ष आधी येऊन गेला होता. त्याचा हात बॉडमरपेक्षा घाईचा आहे, पण आस्था खरी.

गुराख्यांच्या चित्रांत मी चार्ल्स रसेलला फ्रेडरिक रेमिंग्टनच्या वर ठेवते. रेमिंग्टनचं रेखाटन तगडं, पण तो पाहुणा होता. रसेल माँटानात गुरं राखत होता. 1886-87 च्या भयंकर हिवाळ्यात मालकाने गुरं कशी आहेत असं विचारलं, तेव्हा उत्तरात त्याने पोस्टकार्डाएवढं चित्र पाठवलं: बर्फात उभं हाडांचं एक गुरू आणि टपून बसलेले लांडगे. त्या वर्षीचा हिशेब त्यात पुरा आला. रेमिंग्टनच्या बाजूने मात्र एक गोष्ट मांडली पाहिजे. 1898 मध्ये त्याच्याच विनंतीवरून, लिटल बिगहॉर्नवर लढलेल्या किकिंग बेअरने मलमलीवर ती लढाई रंगवली. पडलेल्या शिपायांच्या मागे काही आकृती नुसत्या रेषेत आहेत, रंग न भरलेल्या. शरीर सोडून निघालेले आत्मे, असा त्यांचा अर्थ लावतात.

शाळेसाठी सांगायचं तर रेड हॉर्सची चित्रं स्मिथसोनियनच्या संकेतस्थळावर आहेत आणि खतावण्यांतल्या चित्रांची पानं सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रकल्पात एकेक करून पाहता येतात. मुलीला सांगा, तुझं चित्र आणि रेड हॉर्सचं एक अशी दोन चित्रं शेजारी ठेव आणि प्रत्येकात नाव घेता येईल अशी माणसं किती ते मोज. शिक्षिकांनाही हे आवडेल. ब्लॅक हिल्सचा वाद चालूच आहे, हेही तिने लिहावं. 1980 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती जमीन बेकायदा घेतल्याचं मान्य करून दहा कोटी डॉलरहून जास्त भरपाई ठरवली. लकोटांनी ती आजवर उचललेली नाही, त्यांना जमीन हवी आहे.

आणि तुमच्या छापाबद्दल. दहापट भिंगाखाली आभाळाचा भाग पाहा. वेडेवाकडे, कमीजास्त आकाराचे ठिपके असतील तर तो दगडावरून काढलेला जुना छाप. ठिपके एका मापाचे, फुलांसारख्या गोल नक्षीत बसलेले दिसले तर नंतरची ऑफसेट प्रत. दोन्ही भरपूर निघाल्या आहेत, तेव्हा मोठ्या किमतीची आशा धरू नका. मागचा तपकिरी पुठ्ठा मात्र लगेच काढून घ्या. त्यातलं आम्ल कागदात उतरतं आणि कागद ठिसूळ होतो. पुठ्ठा चिकटवलेला असेल तर स्वतः ओढू नका, कागद जतन करणाऱ्या माणसाकडे द्या. तळघरातून वर आणा, उन्हाच्या भिंतीवर लावू नका, आणि आम्लविरहित पुठ्ठा लावून फ्रेम करून घ्या. खालची कंपनीच्या नावाची पट्टी कापू देऊ नका. फ्रेमवाले बहुतेक वेळा ती झाकायला किंवा छाटायला सुचवतात, पण त्या चित्राबद्दलची सर्वांत खरी माहिती त्याच ओळीत आहे.